लाइट ड्युटीवरचे भावजी

आमच्या भावजींना घरापासून चावडीपर्यंत जायला अर्धी सकाळ लागायची. वाटेत भेटेल त्याच्याशी थांबून बोलायचे. म्हैस व्याली का, लेक नांदायला गेली का, विहिरीला पाणी किती आहे, सगळ्यांचं सगळं त्यांना ठाऊक. गाव म्हणायचं, माणूस लय बोलका. डोक्यावर पाटी घेऊन त्यांच्या मागून चालणारी मी एकटीच ओळखून होते. बोलायचं म्हणून ते थांबत नव्हते, थांबायचं असायचं म्हणून बोलत होते. धाप लागलेली कुणाला दिसू नये, एवढ्यासाठी सगळा खटाटोप.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. साताऱ्याकडचं आमचं गाव फौजी. लढाईची वर्षं, घरटी एक तरी माणूस गेलेला. माझे मालकही गेलेले. भावजींची छाती त्यांच्याहून रुंद, भरतीवाल्यांनी बघताच ठेवून घेतलं. गावानं हलगी लावून वेशीपर्यंत पोचवलं. आणि वर्ष सरायच्या आत रंगरुटीतूनच गडी परत! ट्रेनिंगमध्ये पळताना चक्कर येऊन पडले, डॉक्टरांनी छातीला नळी लावली, अनफिट ठरवून वर्दी काढून घेतली आणि घरी धाडलं. “काळजाचं दार नीट मिटत न्हाई म्हनं, वैनी,” ते मला म्हणाले. “जड काम बंद. आता लाइट ड्युटी.” हे त्यांनी हसत सांगितलं, आणि गावानं त्यांना तेच नाव पाडलं.

आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हे पटेना. बाई कडक. तरण्या वयात कपाळ पांढरं झालेलं, दोन मुलं हिमतीवर वाढवलेली. “जेवतंय धड, ताप न्हाई, खोकला न्हाई. कसला रोग म्हनायचा ह्यो?” गावात कुजबूज होती की पोरगा भिऊन पळून आला. ती त्यांच्या जिव्हारी लागलेली, आणि राग निघायचा पोरावर. शेणखताच्या पाट्या, उसाची बांधणी, सगळं भावजींच्या माथी. ते नुसतं “व्हय” म्हणायचे. मला तेच सहन व्हायचं नाही.

“अहो भावजी, सांगा की त्यांना एकदा!” मी चिडायचे.

“सांगून दिसतंय का ते, वैनी?” एवढंच म्हणायचे आणि पाटी उचलायचे.

मग कवठे महांकाळची एक सोयरीक आली. आत्याबाईंनी “पोरगा रजेवर आलाय” असं खुशाल ठोकून दिलं. चहाची बशी तोंडाला लावायच्या आधीच भावजी मुलीच्या वडलांना म्हणाले, “रजा न्हाई, मामा. मला काढून टाकलंय. काळीज नासकं हाय. तुमी तुमच्या पोरीचा इचार करा.” पाहुणे चहा पिऊन उठले ते पुन्हा फिरकले नाहीत.

आत्याबाईंचं डोकंच फिरलं. “बाजारात बैल परत धाडला तर खोट दाखवावी लागती. माझं पोर परत धाडलंय, मग दावा म्हनावं खोट!” दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना घेऊन त्या साताऱ्याला भरतीच्या डॉक्टरांकडे निघाल्या. मी कशाला, तर माझं माहेर सांगलीचं, साहेबाशी शुद्ध बोलायला. पण माझी गरजच पडली नाही. टेबलापुढं उभं राहून आत्याबाईंनी तोंडाचा जो पट्टा सुरू केला, तो डॉक्टरांनी मुकाट ऐकून घेतला. फार थकलेला माणूस दिसला तो. त्यांनी गळ्यातली नळी काढून आत्याबाईंच्या हातात दिली. “कानात घाला, बाई.” तिचं टोक आधी आपल्या शिपायाच्या छातीवर टेकवलं. “हे धडधाकट काळीज. नीट ऐका.” मग भावजींच्या.

आत्याबाई ऐकत राहिल्या. नळी काढेचनात. शेवटी त्यांनी विचारलं, “हे आसं सारखं हुतं?”

“सारखं. झोपेतसुद्धा.”

“आन् ह्यो पाट्या उचलतोय...”

“चिखलातनं बैल पाय उपसतोय तसं वाजतंय गं आत,” नंतर मला म्हणाल्या.

बाहेर आल्याबरोबर भावजी भिंतीला टेकून खाली बसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी घाबरले. “न्हाई वैनी, बरं वाटतंय,” म्हणाले. “लय दमलो व्हतो.” आत्याबाई त्यांच्या शेजारी धुळीत बसल्या आणि पदरानं वारा घालत राहिल्या. चुकलं म्हणायची रीत आमच्या घरात नव्हती. पण त्या दिवसापासून भावजींनी पाटीला हात लावलेला त्यांना खपला नाही. स्वतः उचलायच्या, नाहीतर मला उचलायला लावायच्या. कंबर मोडायची माझी, पण भावजी पडवीत निवांत बसलेले बघून जीव थंड व्हायचा.

लढाई संपली, माझे मालक सुखरूप परतले. भावजी त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. एका दुपारी बसल्या जागीच गेले. गावातले सगळे फौजी जमले. धिप्पाड माणसं, खांदा दिला आणि सवयीनं झपाझप चालू लागली. आत्याबाई तोवर रडल्या नव्हत्या. उंबऱ्यातून एकदम ओरडल्या,

“आरं, सावकाश न्या रं! त्याला दम लागतोय!”