विषाची सवय

दोघी जावा. घर एक, चूल एक आणि नोकरीही एकाच कीटक संशोधन केंद्रात, शेजारशेजारच्या खोल्यांत. काम कापसाची बोंडं पोखरणाऱ्या अळ्या पाळण्याचं. या अळ्या एकत्र ठेवल्या की एकमेकींना खातात, म्हणून प्रत्येकीला वेगळी वाटी. "आपल्यालाही असंच ठेवायला हवं होतं," असं थोरली म्हणायची, आणि ते सगळंच थट्टेत नसायचं.

थोरलीच्या अळ्यांच्या कित्येक पिढ्यांनी फवारणीचं औषध पाहिलंच नव्हतं. थेंब लागला की माना टाकायच्या. धाकटीच्या अळ्या शेतातून आणलेल्या, औषध पिऊन ढेकर देणाऱ्या. त्यामुळे पाहुणे, फोटोवाले, मोठे साहेब, सगळे धाकटीच्या दारात. थोरलीकडे कोणी डोकावलंच तर हात कुठे धुवायचे, एवढं विचारायला. तिचा नुसता जळफळाट व्हायचा. घरात आधी आली ती, नोकरीला आधी लागली ती, धाकटीला काम शिकवलं तिने, आणि कौतुक मात्र धाकटीचं.

"तुझ्या अळ्यांत एवढं बळ कुठून गं?" तिने एकदा विचारलंच.

"बळ कसलं, ताई? औषध नसेवर जिथे चिकटतं, ती जागाच एखादीत जन्मतः बदललेली असते. तिथे औषध बसतच नाही. बाकीच्या मरतात, ती उरते, आणि तिचीच पोरं वाढतात."

थोरलीने ऐकलं ते आपल्या सोयीने. बदल कसला, सवय असणार. विषाची सवय लागतेच. इतकी वर्षं जावेचं कौतुक ती पचवतच होती की. तिने गुपचूप आपल्या सगळ्या वाट्यांतल्या खाण्यात औषध मिसळायला घेतलं, रोज जरा जास्त. सुरुवातीला अळ्या तगल्या. आता येऊ देत फोटोवाले, असं तिला झालं.

मग एका सकाळी एकाही वाटीत काही हलेना. औषध कोणाला काही शिकवत नाही. आधीच बदललेली एखादी असली तर तेवढी मागे ठेवतं. थोरलीकडे तशी एकही नव्हती. सगळ्या एकाच वयाच्या, त्यामुळे मागे ना अंडं, ना कोश. वंशच बुडाला.

थोरलीच्या हातातली औषधाची बाटली पाहून धाकटीला काय झालं ते कळलं. "ताई, तुमच्या किती मरतात त्यावरूनच तर माझ्या किती टिकतात ते कळायचं. आता मी कशाशी ताडून बघू?" तिला रडू फुटलं.

चला, आता हिच्याही दारात कोणी येणार नाही, असं थोरलीच्या मनात आलं, आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं.

धाकटीने डोळे पुसले. "साहेबांना कळलं तर तुमची नोकरी जाईल. मला ते फार बोलणार नाहीत. खाणं मी कालवलं होतं, असं सांगते मी."

ती बाटली घेऊन निघालीसुद्धा. थोरलीने तिला थांबवलं नाही. तिला आता त्या चांगुलपणाचाही हेवा वाटत होता.