कंट्रोल सोडल्यानंतर

ताईंचा उजवा हात उचलेनासा झाला तो मंगळवार होता. त्यांनी डाव्या हाताने चहाचा कप बाजूला केला आणि मला म्हणाल्या, "गाडी मागव."

त्याआधीच्या ताई तुम्ही पाहायला हव्या होत्या. एस्प्लनेडच्या आमच्या ऑफिसात मजकूर लिहिण्याचा एक प्रोग्रॅम, म्हणजे एडिटर, तयार होतो. विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालणारा. त्यातला कीबोर्डचा भाग ताईंचा. कुठे करंगळीखालचा कंट्रोल, कुठे त्याच्या जागी अंगठ्याखालचा कमांड, कुठला ऑल्ट आज्ञा देतो आणि कुठला नुसतं अक्षर उमटवतो, सगळं तोंडपाठ. "करंगळी दुखली तर विंडोज, अंगठा दुखला तर मॅक," असं त्या नव्यांना सांगत. कुणी मॅन्युअल उघडलं की म्हणत, "त्यात काय बघतोस? माझ्या लक्षात आहे." बाकी सगळ्यांच्या त्या दीदी, आम्ही दोघी मराठी म्हणून माझ्या ताई.

अर्धांगाच्या त्या झटक्यानंतर काही महिन्यांनी त्या परत आल्या, उजवा हात लुळाच. गार्डन रीचहून, बसने, एकट्या. तोवर त्यांचं काम दुसऱ्याकडे द्यायचं ठरत आलं होतं. साहेब अवघडून म्हणाले, "दीदी, एक हाथ से कैसे होगा? दे दीजिए ना किसी को."

"पहले एक हाथ से अपना एडिटर चला के दिखाऊँगी. नहीं चला तो ले लीजिए."

एका हाताने वापरणाऱ्यांसाठी प्रत्येक यंत्रात एक सोय असते. कंट्रोल दाबून सोडला तरी पुढचं बटण दाबेपर्यंत यंत्र तो धरून ठेवतं. ताईंनी ती सुरू केली. विंडोजवर जमलं, मॅकवर जमलं. लिनक्सवर त्यांनी कंट्रोल दाबला, सोडला, मग एस दाबला. मजकूर सेव्ह व्हायला हवा होता. पडद्यावर नुसता एस उमटला.

दुपारपर्यंत कारण सापडलं. कुठलं बटण खाली आहे याचा हिशेब तिथे एडिटर स्वतःच ठेवत होता. बोट उचललं की त्याच्या लेखी कंट्रोल संपला. यंत्राने तो धरून ठेवला होता, पण एडिटर यंत्राला विचारतच नव्हता. लिहिलं होतं ताईंनीच.

त्या पडद्याकडे पाहत राहिल्या आणि खुदकन हसल्या. "अगदी माझ्यावर गेलाय मेला!"

मग तो भाग त्यांनी मुळापासून पुन्हा लिहायला घेतला. आता प्रत्येक अक्षराच्या वेळी एडिटरने यंत्राला विचारायचं: बाबा रे, काय काय धरलंयस? डावा हात कीबोर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा आणि परत यायचा. मला बघवेना.

"ताई, तुम्ही सांगा, मी टाइप करते."

"तू खालून झालमुडीचा पुडा घेऊन ये. मिरची जास्त."

झालं तेव्हा त्यांनी साहेबांना खुर्ची ओढून दिली. कंट्रोल. बोट वर. एस. सेव्ह झालं. साहेबांनी स्वतः करून पाहिलं, पुन्हा पाहिलं. "ठीक है दीदी. आपका ही रहा."

डबा उघडायला त्या तो गुडघ्यांत धरत आणि झाकणाशी झगडत. मदतीला कुणी हात पुढे केला तर डोळे वटारत. त्या दुपारी त्यांनी डबा माझ्यापुढे सरकवला.

"उघड."

मी उघडला. त्यानंतर रोजच उघडत असे.

पुढच्या हिवाळ्यात त्यांना दुसरा झटका आला. त्यानंतर त्या आल्या नाहीत.

त्यांची खुर्ची आता दुसऱ्याची आहे. कीबोर्डचा तो भाग अजून तसाच आहे. कंट्रोल दाबायचा, सोडायचा, मग एस दाबायचा. सेव्ह होतं.