आकडा म्हणजे माप नव्हे

नाव: एनॉक टिमिन्स. वय अडुसष्ट. वास्तव्य: बर्मिंगहॅम, बंदूकवाल्यांची पेठ. ओळखीची खूण: उजव्या अंगठ्याचं नख शिशाने कायमचं काळं. काम: एका जुन्या बंदूक-कंपनीत दुनळी रायफलीच्या दोन्ही नळ्यांना एकाच जागी मारायला लावणे. शैक्षणिक पात्रता: निरंक. कंपनीच्या ‘गोळी-अनुरूपता धोरणा’नुसार मत देण्यास अपात्र.

हे धोरण नव्या मॅनेजरने, लव्हेल नावाच्या साहेबाने आणलं. त्याने भिंतीवर तक्ता लावला: रायफलीवर कोरलेला आकडा पाहा, त्यासमोरची आधुनिक गोळी निवडा, सही करा. बहुतेक आकड्यांसमोर गोळी एकाच जातीची होती. सबंध तांब्याची, टणक, देखणी. गोळी वाईट नव्हती. आजच्या जाड नळीच्या रायफलीत तिला तोड नाही. पण एनॉककडे येणाऱ्या रायफली नव्वद-नव्वद वर्षांच्या. त्यांच्या नळ्या तोंडाकडे पातळ, मऊ शिशाच्या गाभ्याची गोळी सोसायला घडवलेल्या. शिवाय नळीवरचा आकडा हे नाव असतं, माप नव्हे. काळे आडनावाचा माणूस गोरापान निघतो, त्यातलाच प्रकार.

त्या सोमवारी मिसेस बेडोज वडिलांची १९०८ सालची रायफल घेऊन आल्या. बाई गुरांच्या निवृत्त डॉक्टर. तीन आठवड्यांनी त्यांना झांबियात रानरेड्याच्या शिकारीला जायचं होतं. एनॉकने नळीला तेल दिलं, शिशाची मऊ गोटी लाकडी दांड्याने या टोकातून त्या टोकाला काढली आणि मोजली. मग दुसरी नळी. उजवी डावीपेक्षा अर्ध्या केसाने अरुंद निघाली.

“बाई, यात ती तांब्याची घालू नका,” तो म्हणाला. “शिसं दबतं. तांबं दबत नाही, मग नळीला फुगावं लागतं. मऊ गोळी घ्या, जुन्याच वजनाची, जुन्याच वेगाची. रेड्यासाठी टणकच हवी असेल तर अंगावर खाचा पाडलेली घ्या, ती नुसत्या कडांनी घासते.”

“टिमिन्स,” लव्हेल दारातून म्हणाला, “तक्ता वाचता येतो ना?”

“येतो की. तक्त्याला नळी वाचता येत नाही, एवढीच अडचण आहे.”

“इंजिनियरांनी केलाय तो.”

“मग नळीत वाकून बघायचं तेवढं राहिलं त्यांचं! अहो, या दोघी सख्ख्या बहिणी, यांचं माप एकमेकींशी जुळत नाही. आणि तुम्ही अख्ख्या गावाला एकाच मापाची चप्पल वाटताय.”

“तुम्ही सावकाश भांडा,” मिसेस बेडोज म्हणाल्या. “माझी रायफल कुणाच्या हातात द्यायची, तेवढं आधी सांगा.”

“सही माझी असते, मॅडम.”

एनॉकच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. “एवढी खात्री आहे ना? मग आधी आपली काचेच्या कपाटातली उडवून दाखवा. मग बाईंच्या रायफलीला हात लावा.”

कपाटातली म्हणजे १९११ सालची दुनळी रायफल, कंपनीची शान. पेठेत असं कुणी बोललं की समोरच्याने हसावं आणि चहा मागवावा, अशी रीत होती. लव्हेल पेठेतला नव्हता. त्याने किल्ली काढली.

गावाबाहेरच्या मैदानावर त्याने तक्त्यातल्या तांब्याच्या बारा गोळ्या झाडल्या. उजवीच्या पूर्वेला गेल्या, डावीच्या पश्चिमेला. तिसऱ्या जोडीलाच एनॉक ओरडला, “थांबा हो! पुरे झालं, माझं चुकलं!” साहेब आकडा पूर्ण करूनच थांबले.

एनॉकने नळ्या पुसून उजेडात धरल्या. आतल्या खाचांचे पीळ बाहेरच्या झिलईवर उमटले होते, उपाशी कुत्र्याच्या बरगड्यांसारखे. बोटाने मोजता येत होते.

“हिने कुणाचं काय बिघडवलं होतं?” त्याचा आवाज फाटला. “आणि मी गाढव! शहाण्याला द्यायचं आव्हान याला दिलं.”

मिसेस बेडोजनी आपली रायफल लव्हेलसमोरून उचलली आणि एनॉकच्या हातात दिली. शुक्रवारी निशाणाच्या कागदावर दोन्ही नळ्यांतल्या मऊ गोळ्यांची चार छिद्रं एका तळहाताखाली झाकली गेली. बाई झांबियाला गेल्या.

कंपनीच्या वार्षिक अहवालात नोंद आहे: ‘१९११ सालची ऐतिहासिक रायफल दीर्घकालीन जतनाच्या दृष्टीने प्रदर्शनातून हलवण्यात आली आहे.’

नळ्या कापून भंगारात दिल्या.