टाक्याचं पाणी बदलायचं नाही

अंगणातल्या सिमेंटच्या टाक्याचं पाणी पालकाच्या भाजीसारखं हिरवं झालं, तेव्हा आईने मासे कुणाला तरी देऊन टाकं बुजवायचं आणि तिथे स्कूटर उभी करायचं ठरवलं. मी विरोधात उभी राहिले. पर्यावरणाची पत्रकं वाचून वाढलेली मुलगी दुसरं काय करणार? "निसर्गाला वेळ द्या," असं मी स्वयंपाकघरात भाषण ठोकलं.

"हे भाषण त्या शेवाळाले ऐकव," आई म्हणाली. पण मुदत दिली. खिडकीत कूलर लागेल त्या दिवशी तळ दिसला तर टाकं राहील, नाहीतर त्यात मलबा भरायचा.

मी टाक्याच्या कडेला तळाशी भोक पाडलेला ड्रम ठेवला, त्यात गिट्टी भरून कर्दळ आणि वाळा लावला. बंद कूलरचा पंप पाणी वर चढवायचा, ते मुळांतून झिरपून टाक्यात परतायचं. हिवाळा संपला तरी पाणी हिरवंच. निसर्गावरचा माझा विश्वास डळमळू लागला.

एका रविवारी पहाटे उठले, तर बाबा नळाचा पाइप धरून उभे. टाकं अर्धं रिकामं.

"बाबा, काय करून राहिले?"

"पाणी बदलून राहिलो. दर रविवारी बदलतो. कूलरचं नाही का बदलत आपण?"

"दर रविवारी?"

"तू हरू नये म्हणून केलं वं."

गिट्टीवर जमणारा बुळबुळीत थरच पाणी साफ करतो, आणि नळाच्या पाण्यातलं औषध त्यालाच मारत होतं. हे मी शांतपणे समजावलं. शांतपणे म्हणजे शेजारचे बाहेर आले.

त्यानंतर बाबांनी पाइपला हात लावला नाही. पाणी आधी गढूळलं, मग हळूहळू निवळलं. कूलर खिडकीत लावायला काढला त्या सकाळी तळ दिसला. आईने वाकून पाहिलं.

"किती गाळ हाय वं खाली! अहो, ब्रश आणा."

बाबा ब्रश घेऊन धावले. "गाळाला हात लावू नका!" अशी घोषणा देत मी टाक्यात उडी मारली आणि आडवी झाले. सगळा गाळ वर आला. तळ गडप, मासे गडप, माझे गुडघेही दिसेनात.

आईने बाबांच्या हातातला ब्रश काढून घेतला.

"दिसला होता," ती म्हणाली. "टाकं राहील. आता पंप काढ, कूलरले लागते. ड्रममंदी बाल्टीनं टाक्याचंच पाणी टाकत जा. तू अन् तुहा बाप."