डोहावरचा पत्रा

ती घटना विसरायचा मी नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतरही मनापासून प्रयत्न केला. जमलं नाही. माझ्या बाकीच्या चुका मी मित्रांत रंगवून सांगतो. एकदा फिर्यादीलाच आरोपी समजून तासभर बाकावर बसवला होता, त्यावर अजून हशा मिळतो. ही मात्र आजवर कुणाला सांगितली नाही.

नवी मुंबईच्या कडेला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. हद्दीत एक नदी. आमचे सेक्टर, सोसायट्या, मेट्रो सगळं कालपरवाचं; ती डोंगराइतकी जुनी. पठारावरून निघते, कड्यावरून उडी घेते आणि खाली काळ्या कातळात गोल डोह करते. पाण्याने गोटे फिरवून फिरवून तो कातळ आतून पोखरलाय. वरून बघावं तर कमरेइतकं पाणी, आत पाय ओढून घेणाऱ्या कपारी. पावसाळ्यात रविवारी तिथे नुसती जत्रा. टायर-ट्यूब, भजी, स्पीकर, सगळं.

अशाच एका रविवारी कोपरखैरण्याचा एक तरुण बुडाला. तुर्भ्याच्या कारखान्यात नोकरी, लग्न ठरलेलं. अग्निशमनवाले तीन तास गळ टाकत राहिले. शेवटी वाडीवरच्या एका पन्नाशीच्या माणसाने दोन बुड्या मारून त्याला कपारीतून बाहेर काढला. हा माणूस पर्यटकांना डोहापर्यंत वाट दाखवायचा. त्या दिवशी या पोरांनाही त्यानेच आणलं होतं.

अकस्मात मृत्यूची नोंद झाली. दुसऱ्या दिवशी वरच्या अंगाच्या एका फार्महाउसवाल्याने खबर दिली. म्हणाला, डोहावर मनाईचा बोर्ड होता, तो त्या वाटाड्यानेच काढला. बोर्ड बघून गिऱ्हाईक परत जातं ना. बोर्ड जागेवर नव्हता, हे मी पंचनाम्यात पाहिलंच होतं. मृताच्या मित्रांनी जबाबात सांगितलं की बोर्ड दिसला नाही, कुणी अडवलंही नाही. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा डोळ्यांपुढे तयार झाला. मी तर खूश. ज्या कपारीत प्रेत होतं ती याला अचूक सापडली, म्हणजे धोका याला ठाऊक होता, हाही मुद्दा मी टिपून ठेवला. त्याने प्रेत काढून दिलं आणि मी ते त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून लिहिलं. अक्कल बघा.

त्याला बोलावला. दोन दिवस बाकावर. विचारलं की एकच उत्तर: काळ्या खडकापुढे जाऊ नका असं मी पोरांना बोललो होतो, बोर्ड मी काढला नाही. मग कुणी काढला, यावर गप्प. आणि हा प्रश्न आला की आमच्या जुन्या हवालदाराला हमखास खोकला यायचा. "साहेब, चहा मागवू का?" दोन दिवसांत मी इतका चहा प्यालो की माझं पित्त खवळलं, पण डोक्यात काही शिरलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी अटकेची तयारी केली. त्याची बायको बाहेर पायरीवर बसून होती. तिला कळवायला शिपाई पाठवला, तेव्हा वाटाड्या पहिल्यांदा मान वर करून बोलला.

"सायेब, तुमची आखाडाची पार्टी झाली ना डोहावर, श्रावण लागायच्या आधी? वारा लय व्हता. चूल पेटना. तुमीच बोल्लात, तो पत्रा आन आडोश्याला."

"मग परत का नाही लावलास?"

"तुमी गाडीत टाकून नेला. उरलेल्या मटनाच्या टोपावर झाकन घालून."

हवालदाराला या वेळी खोकला आला नाही. तो जमिनीकडे बघत होता. मी उठून ठाण्याच्या मागे गेलो. पाण्याच्या टाकीवर एक पत्रा होता, गेले तीन आठवडे मी त्याच्याच शेजारी उभा राहून सकाळी तोंड धूत होतो. उलटा केला. 'येथे पोहण्यास सक्त मनाई आहे. पाण्याखाली खोल कपारी आहेत.' खाली आमच्याच ठाण्याचं नाव.

आत येऊन मी त्याला सोडलं. एवढंच सांगितलं की हे कुठे बोलायचं नाही. तो म्हणाला, "तुमी सोडताव, मंग मी कशाला बोलू?" बाहेर जाऊन बायकोसह पुन्हा आत आला आणि दोघं माझ्या पाया पडले. आयुष्यात खूप शिव्या खाल्ल्या, पण त्या नमस्काराइतकं काही लागलं नाही.

हवालदाराने विचारलं, "साहेब, डायरीला काय घेऊ?" मी सांगितलं, बोर्ड पुरात वाहून गेला असावा. त्याने तसं लिहून घेतलं.

बुडालेल्या मुलाचे वडील बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात कारकून. कागद न्यायला आले तेव्हा शांतपणे म्हणाले, "साहेब, माझा मुलगा दुकानाच्या पाट्यासुद्धा वाचत चालायचा. बोर्ड असता तर तो थांबला असता हो." मी म्हणालो, पुरापुढे कोण काय करणार. त्यांनी मान हलवली. "मग कुणाला बोलायचं, नदीच ती."

शिकलो काय म्हणाल, तर तीस वर्षं मी लोकांना खरं बोलायला लावत होतो. ज्याने खरं सांगितलं त्यालाच गप्प केलं, आणि ते मला फार सहज जमलं.

मी आता कोपरखैरण्यातच राहतो. ते वडील दर रविवारी मंडईत भेटतात, हातातली पिशवी खाली ठेवून नमस्कार करतात. वाटाड्याला सोडून दिला, तरी त्यांनी माझ्यावर राग धरला नाही. उलट मला सज्जन समजतात. हे छापून येईल तेव्हा ते वाचतील. मुलाला वाचायची सवय त्यांनीच लावली होती. त्यानंतरच्या रविवारी मी नेहमीच्या वेळेला मंडईत असेन.