पाचवी सवाष्ण

निपाणीजवळच्या आमच्या वृद्धाश्रमात बायका ढीगभर, पण नवरा जिवंत असलेली एकटीच. माझ्या शेजारच्या खाटेवरची आक्का. तिचा म्हातारा पलीकडं, पुरुषांच्या बाजूला.

ही आक्का मोरीत पाय घसरून पडली. उजवं मनगट वांग्यासारखं सुजलं. मॅनेजर म्हणाला, "मुका मार हाय. हळद लावा. पोराला उगीच घोर नको." म्हाताऱ्याला त्यानं सांगितलं, आक्काला सर्दी झालीय, लांब राहा. आमचे फोन ऑफिसात कुलपात. रविवारी बोलायचं, तेही मॅनेजर शेजारी बसलेला असताना. वर आक्काला लसूण चुकला नाही तो नाहीच. मॅनेजरच्या मेव्हण्याचा ढाबा आहे, त्याचा लसूण आम्ही फुकट सोलायचो. "बोटांना व्यायाम" म्हणे! आक्का डाव्या हातानं आणि दातानं सोलत होती.

मला धास्ती वेगळीच. माझ्या माहेरी, बेळगुंदीला, एका काकूनं मोडलेला हात असाच अंगावर काढला, तो वाकडाच जुळला. पुढं तिला स्वतःची वेणीसुद्धा घालता येईना.

तेवढ्यात एक तंबाखूचे व्यापारी पन्नाशीचा वाढदिवस करायला आले. पांढराशुभ्र शर्ट, चार गाड्या, जिलेबी. मॅनेजरनं आक्काला आतल्या खोलीत बसवली. पण व्यापाऱ्याची बायको म्हणाली, "आमच्यात पाच सवाष्णी ओवाळतात. चौघी आणल्यात. पाचवी इथली थोरली पायजे."

मॅनेजर आमच्या मोकळ्या कपाळांकडं बघत राहिला.

मी म्हटलं, "हाय की! आत बसवलीया."

"तिला ताप हाय," मॅनेजर दात आवळून म्हणाला.

"सकाळी सर्दी हुती नव्हं?" पुरुषांच्या रांगेतून आक्काचा म्हातारा ओरडला.

आक्का आली, शालीत हात लपवून. तिच्या हातात ताट दिलं. डाव्या हातानं ओवाळायचं कसं? बिचारीनं उजवा लावला आणि "आई गं!" म्हणून किंचाळली. निरांजन विझलं, करंडा पालथा झाला आणि सगळं कुंकू त्या शर्टावर. पाहुणा उभा तांबडा!

बायकोनं शाल बाजूला केली. "अगं बाई! हे कधी झालं?"

"आत्ताच, आत्ताच," मॅनेजर म्हणाला.

"आत्ताच व्हय?" मी म्हटलं. "मग काल टोपलीभर लसूण दातानं कुणी सोलला, माझ्या सासूनं?"

म्हातारा काठी टाकून पुढं आला. "मला का सांगितलं न्हाईस गं?"

"तुमी काय करणार हुता?"

"बोंबललो असतो की!"

व्यापाऱ्यानं तसल्याच शर्टानं दोघांना गाडीत घातलं. मीही चढले, मला कुणी बोलावलं नव्हतं. दवाखान्यात नर्सबाई तांबडा शर्ट बघून आधी व्यापाऱ्याकडंच धावली, कुठं लागलं म्हणून. डॉक्टरांनी आक्काच्या हाताचा फोटो काढला: हाड मोडलेलं. "अजून उशीर केला असता तर वाकडं जुळलं असतं," म्हणाले आणि प्लास्टर घातलं. व्यापाऱ्याच्याच फोनवरून आक्काच्या पोराला कळवलं. तो त्याच रात्री पुण्याहून आला. दुसऱ्या दिवशी त्यानं तालुक्याला तक्रार दिली, साहेब चौकशीला येऊन गेले. लसूण बंद. आणि कुणाला काही लागलं की त्याच दिवशी घरी कळवायचं, असं मॅनेजरकडून लिहून घेतलं.

आता तो इतका भ्यालाय की परवा मला ठेच लागली तर बेळगावला लेकीला फोन. काल उचकी लागली, पुन्हा फोन. लेक वैतागली, "आई, हे काय लावलंय गं?"

म्हटलं, "उचल बाई. उचकीचा फोन आला तर चालतोय."