चरबीतलं औषध

खिशात मोबाइल नव्हते, तेव्हाची गोष्ट. शरणपूर रोडवरच्या लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त देऊन आम्ही दोघं अनोळखी मधुमेही शेजारच्या हॉटेलात मिसळ खायला बसलो. समोरच्या ढेरपोट्या गृहस्थांनी पुडी सोडून जांभळाच्या बियांची तुरट पूड जिभेवर टाकली, तोंड वाकडं केलं आणि लगेच जिलबी मागवली.

"पोट जरा कमी केलं तर?" मी म्हणालो.

"भाचा फार्मसीला आहे. तो म्हणतो, हा तुरटपणा चरबीत जाऊन इन्शुलिनला मदत करतो." त्यांनी पोटावर मायेनं हात फिरवला. "चरबीच उतरवली, तर औषधानं काम कुठं करायचं?"

मग माझ्या काटकुळ्या अंगाकडे बघत त्यांनी जिलबीची बशी स्वतःकडे ओढली.

"तुमचं अवघड आहे, साहेब. औषधाला बसायला जागाच नाही."